काजळी आणि रेणूंचा तराजू

सोनाराच्या दुकानांत कांचेच्या पेटींत ठेवलेला लहानसा तराजू बहुतेकांनीं पाहिलेला असतो. गुंजभर सोनें तोलतांना वाऱ्याची झुळूकही लागूं नये, एवढ्यासाठीं ती पेटी असते. परंतु रेणूच्या मानानें गुंज ही पर्वतप्राय वस्तु आहे. पाण्याच्या एका थेंबांतील रेणूंची संख्या लिहावयाची तर एकावर एकवीस शून्यें मांडावीं लागतात. अशा एका रेणूचें वजन करणारा तराजू कोणता? आणि तो रेणु रक्तांतील, मेंदूंतील किंवा एखाद्या रोगजंतूच्या शरीरांतील असेल, थोड्याशा उष्णतेनेंही नासणारा असेल, तर त्याला त्या तराजूंत घालावयाचें तरी कसें? या प्रश्नाच्या उत्तरांत गेल्या तीस वर्षांत एका अगदीं घरगुती पदार्थानें हातभार लावला आहे. तो पदार्थ म्हणजे कार्बन. आपल्या जुन्या रसायनाच्या पुस्तकांत ज्याला कर्ब म्हणत तें मूलद्रव्य. दिव्याची काजळी, चुलींतला कोळसा आणि शिसपेन्सिलींतली काडी हीं सारीं त्याचींच रूपें होत.

प्रथम तराजूविषयीं. रेणूचा तराजू पारड्यांचा नसतो. त्याचें तत्त्व समजण्यास शाळेच्या मैदानावरील एक साधी गोष्ट पुरे आहे. सारखीच शक्ति लावून फेकलेला रबरी चेंडू आणि लोखंडी गोळा यांपैकीं चेंडू वेगानें पुढें जातो व गोळा मागें राहतो. दोघांस दिलेली शक्ति सारखी आहे हें ठाऊक असेल, तर ठराविक अंतर तोडण्यास लागलेल्या वेळावरून प्रत्येकाचें वजन गणितानें काढतां येतें. इंग्रजींत ज्यास मास स्पेक्ट्रॉमेटर म्हणतात तें वस्तुमानमापक यंत्र हेंच करतें. रेणूवर विजेचा भार चढवावयाचा, विजेच्या दाबानें त्याला ढकलावयाचें, आणि हवा काढून घेतलेल्या नळींतून तो दुसऱ्या टोकास केव्हां पोहोंचतो हें पाहावयाचें.

रेणूंचें वजन डाल्टन या मापांत सांगतात. हायड्रोजनचा परमाणु सुमारें १ डाल्टन, पाण्याचा रेणु १८, द्राक्षशर्करेचा म्हणजे ग्लुकोजचा १८०, आणि रक्तांतील आल्ब्युमिन नांवाच्या प्रथिनाचा सुमारें ६६,५००. आतां १००० डाल्टन वजनाच्या एकभारी रेणूस २०,००० व्होल्टचा दाब दिला, तर तो सेकंदाला सुमारें ६२ किलोमीटर वेगानें धांवूं लागतो आणि एक मीटर लांबीची नळी १६ मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांशाच्या सोळापटींत, ओलांडतो. चौपट वजनाच्या रेणूस याच्या दुप्पट वेळ लागतो. इतका सूक्ष्म वेळ विजेच्या घड्याळानें बिनचूक मोजतां येतो. आणि म्हणून वजनही बिनचूक सांगतां येतें.

या कल्पनेचा उगम बराच जुना आहे. केंब्रिज येथील जे. जे. थॉमसन यांनीं १९१३ सालीं निऑन वायूंत २० आणि २२ अशा दोन वजनांचे परमाणु असल्याचें दाखवून दिलें. त्यांचे सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनीं १९१९ सालीं अधिक सुधारलेलें यंत्र तयार केलें व त्या कामासाठीं त्यांना १९२२ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या वेळचीं यंत्रें धांवण्याचा वेळ मोजीत नसत. वीज आणि चुंबक यांच्या ओढीनें भारित कण किती वळतो यावरून वजन ठरवीत. परंतु कोणत्याही प्रकारच्या यंत्रास एक अट सारखीच लागू होती. तोलावयाची वस्तु उडाली पाहिजे. निऑन हा मुळांतच वायु; त्याची अडचण नव्हती. जिवंत शरीरांतील द्रव्यांची अडचण मात्र येथेंच सुरू होते.

पाणी तापवलें म्हणजे त्याची वाफ होते आणि वाफ निवली म्हणजे पुन्हां पाणी होतें. रेणूस कांहीं इजा होत नाहीं. साखर तव्यावर टाकून पाहावी. ती वितळते, तांबूस होते, तिला करपल्याचा वास सुटतो आणि शेवटीं तव्यावर काळा थर उरतो. साखरेची साखर म्हणून वाफ होत नाहीं. तिचे रेणु एकमेकांस इतके घट्ट धरून असतात कीं, एकमेकांपासून सुटण्यापूर्वींच ते स्वतः मोडतात. प्रथिनांची गोष्ट याहूनही नाजूक. अंड्यांतील पातळ पांढरा भाग एकदां उकळून घट्ट झाला कीं तो पुन्हां पातळ होत नाहीं, हें प्रत्येक स्वयंपाकघरांत ठाऊक आहे. मोडलेल्या वस्तूचे तुकडे तोलून मूळ वस्तूचें वजन कसें कळणार? म्हणून अनेक वर्षें हें यंत्र वायूंच्या, तेलांच्या आणि साध्या रसायनांच्या कामांत रमलें. जीवशास्त्राच्या दारावर तें उभें होतें, पण आंत त्याचा प्रवेश होत नव्हता.

लेसर नांवाच्या प्रकाशयंत्रानें नवी आशा उत्पन्न केली. लेसरचा झोत एकाच रंगाचा आणि एकाच दिशेनें जाणारा असून तो सेकंदाच्या कांहीं अब्जांशांपुरताच टाकतां येतो. इतक्या अल्प काळांत उष्णता दिली, तर रेणूस मोडण्यास फुरसत मिळण्यापूर्वींच तो उसळून बाहेर पडेल, असा विचार होता. परंतु त्यांत एक पेंच निघाला. जो रेणु तो प्रकाश पितो, तो प्रकाशाच्या आघातानेंच मोडतो. आणि जो पीत नाहीं, त्याच्यावर प्रकाशाचा परिणामच होत नाहीं. दोन्हींकडून नुकसान. यावर उपाय एकच होता: प्रकाशाचा आघात स्वतःच्या अंगावर घेणारा तिसरा कोणी मध्यें उभा करणें.

१९८५ हें वर्ष या बाबतींत विलक्षण ठरलें. जर्मनींतील फ्रांकफुर्ट येथें मिखाएल कारास आणि फ्रान्झ हिलेनकाम्प हे ॲलनिन नांवाच्या अमिनो आम्लावर लेसर टाकीत होते. तें एकटें असतां सहसा उडत नसे. पण लेसरचा प्रकाश चांगला पिणारें ट्रिप्टोफॅन त्यांत मिसळतांच, एऱ्हवीच्या सुमारें एकदशांश जोराच्या प्रकाशानेंही तें सुखरूप बाहेर पडलें. आघात एकानें घ्यावा आणि त्याच्या आडोशानें दुसऱ्यानें उडावें, ही युक्ति हातीं आली. अशा मध्यस्थ पदार्थास इंग्रजींत मॅट्रिक्स म्हणतात. येथें त्यास आधारद्रव्य म्हणतां येईल.

त्याच वर्षीं जपानांतील क्योतो शहरीं शिमाद्झु या यंत्रें बनविणाऱ्या कंपनींत कोइची तानाका नांवाचे पंचविशींतील अभियंते हेंच कोडें सोडवीत होते. ते रसायनशास्त्राचे पदवीधर नव्हते. त्यांचें शिक्षण विद्युत् अभियांत्रिकीचें होतें. आधारद्रव्य म्हणून ते कोबाल्ट धातूची अतिसूक्ष्म भुकटी वापरून पाहात होते. एके दिवशीं भुकटींत ॲसिटोन घालावयाचें तें त्यांनीं चुकून ग्लिसरीन घातलें. चूक लक्षांत आली. परंतु महागडी भुकटी फेकून देणें त्यांच्या जिवावर आलें, म्हणून तें मिश्रण त्यांनीं तसेंच यंत्रांत ठेवलें. ग्लिसरीन लवकर उडून जावें म्हणून त्यावर लेसर चालू ठेवला, आणि पूर्वीं न दिसलेली खूण पटावर उमटूं लागली. पुढें १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत सुमारें २५,७०० डाल्टनचें कायमोट्रिप्सिनोजेन हें प्रथिन न मोडतां तोलल्याचा पुरावा होता. त्याच वर्षीं कारास आणि हिलेनकाम्प यांनीं निकोटिनिक आम्लाचा आधार देऊन ६७,००० डाल्टनच्या आसपासचें आल्ब्युमिन उडवून दाखविलें. तानाका यांस २००२ सालीं रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. प्रयोगशाळांतून मात्र रूढ झाली ती जर्मन शास्त्रज्ञांची रीति, कारण ती अधिक सोपी व अधिक संवेदनक्षम होती.

या रीतीनें केवढें काम होतें, याचें एक उदाहरण रुग्णालयांतील आहे. रोग्याच्या रक्तांतून वा लघवींतून वाढविलेला जंतु कोणत्या जातीचा, हें ठरविण्यास पूर्वीं निरनिराळ्या रसायनांच्या परीक्षा करून पुढचा दिवस उजाडण्याची वाट पाहावी लागे. आतां त्या जंतूंचा कणभर भाग धातूच्या पट्टीवर लावतात, त्यावर आधारद्रव्याचा थेंब सोडतात आणि लेसर टाकतात. जंतूच्या शरीरांतील २,००० ते २०,००० डाल्टनच्या प्रथिनांचा जो नकाशा उमटतो तो जातीजातीप्रमाणें वेगळा असतो. तो संग्रहांतील नकाशांशीं ताडून कांहीं मिनिटांत नांव सांगतां येतें. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्यानें २०१३ सालीं या कामाच्या यंत्रांस मान्यता दिली. योग्य औषध एक दिवस आधीं सुरू होणें म्हणजे काय, हें ज्यांनीं रोग्याच्या उशाशीं रात्र काढली आहे त्यांस सांगावयास नको.

मोठ्या रेणूंचें काम असें मार्गीं लागलें. लहान रेणूंच्या बाबतींत मात्र आधारद्रव्य हेंच विघ्न होऊन बसलें. आजची रूढ आधारद्रव्यें बहुतेक सेंद्रिय आम्लें आहेत. त्यांपैकीं पुष्कळशीं दालचिनीच्या आम्लाच्या कुळांतील. त्यांतील सर्वांत जास्त वापरांत असलेल्या एकाचें वजन १८९ डाल्टन आहे. तोलावयाच्या एका रेणूमागें आधारद्रव्याचे हजारों रेणु घालावे लागतात आणि लेसर पडतांच तेही उडतात, त्यांवरही भार चढतो. पटावर १७२, १९० आणि २१२ या आंकड्यांवर त्याच्याच मोठाल्या रेघा उभ्या राहतात. ग्लुकोजचा रेणु मिठांतील सोडियम अंगावर घेऊन उडतो तेव्हां त्याचा आंकडा २०३ येतो. म्हणजे ज्या जागीं ग्लुकोज दिसावयाचा, तेथेंच आधारद्रव्याची गर्दी. लग्नाच्या वरातींत वाजंत्र्यांच्या आवाजापुढें नवऱ्या मुलाचा शब्द ऐकूं न यावा, तशी ही स्थिति. सुमारें ५०० डाल्टनच्या खालचा प्रदेश या गोंगाटानें झांकला जातो.

आणि नेमका तोच प्रदेश वैद्यकास अत्यंत मोलाचा आहे. साखर, अमिनो आम्लें, स्निग्धाम्लें, औषधें आणि त्यांचे शरीरांत होणारे अवशेष हे सर्व लहान रेणु. शरीराचा कारखाना कसा चालला आहे हें मोठीं प्रथिनें सांगतातच, पण रोजचा हिशेब या लहान रेणूंत लिहिलेला असतो. फिनाइलकीटोन्युरिया नांवाच्या जन्मजात विकाराचें उदाहरण घ्यावें. त्यांत १६५ डाल्टनचें फिनाइलॲलनिन हें अमिनो आम्ल बालकाच्या रक्तांत सांचत जातें. जन्मतः मूल धडधाकट दिसतें. परंतु वेळींच आहार बदलला नाहीं तर त्याच्या बुद्धीची वाढ खुंटते, आणि वेळींच बदलला तर तें इतर मुलांसारखें वाढतें. अनेक देशांत नवजात बालकाच्या टांचेंतून रक्ताचे चार थेंब कागदावर घेऊन वस्तुमानमापक यंत्रानें ही परीक्षा करतात. तेथें रेणु उडविण्याची रीति वेगळी आहे. द्रवाचे भारित तुषार उडविण्याची ती रीति, जिच्यासाठीं जॉन फेन यांना तानाकांच्या बरोबरच पारितोषिक मिळालें. ती उत्तम आहे, पण तींत नमुना द्रवरूप करून सूक्ष्म नळ्यांतून न्यावा लागतो, आणि क्षारांनीं तिला बाधा येते. पट्टीवर थेंब ठेवला, लेसर टाकला आणि उत्तर मिळालें, असा लेसरच्या रीतीचा सोपेपणा लहान रेणूंसाठींही मिळावा, ही इच्छा त्यामुळें साहजिक होती.

त्यासाठीं असा मध्यस्थ हवा होता, कीं जो प्रकाश भरपूर पिईल, उष्णता शेजाऱ्यास देईल, पण स्वतः मात्र जागचा हलणार नाहीं आणि पटावर आपलें नांव लिहिणार नाहीं. येथें तानाकांच्या भुकटीची आठवण शास्त्रज्ञांस झाली. अमेरिकेच्या मोंटाना राज्यांतील विद्यापीठांत यान सुन्नर, एडवर्ड ड्राट्झ आणि यु-ची चेन यांनीं १९९५ सालीं कोबाल्टच्या जागीं ग्राफाइटची भुकटी ग्लिसरीनमध्यें कालवली आणि प्रथिनें व त्यांचे लहान भाग उडवून दाखविले. ग्राफाइट म्हणजे शिसपेन्सिलींतला काळा पदार्थ. पृष्ठभागाच्या साह्यानें होणाऱ्या या उड्डाणास त्यांनीं नवें नांव दिलें, आणि तें आज सर्वत्र रूढ आहे. त्यांच्या भुकटीचे कण मायक्रोमीटरच्या मापाचे होते. त्याहून हजारपट बारीक कार्बन त्या वेळीं नुकताच जगास ठाऊक होऊं लागला होता.

त्या बारीक कार्बनचा जन्मही याच यंत्राशीं निगडित आहे. वर सांगितलेल्या १९८५ सालींच, सप्टेंबर महिन्यांत, अमेरिकेंतील ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठांत हॅरोल्ड क्रोटो, रिचर्ड स्मॉली आणि रॉबर्ट कर्ल यांनीं ग्राफाइटवर लेसर टाकून निघालेली वाफ वस्तुमानमापकांत तोलली. क्रोटो यांस तारकांच्या भोंवतालीं आढळणाऱ्या कार्बनच्या लांब साखळ्यांचा शोध घ्यावयाचा होता. पटावर ७२० डाल्टनची एक रेघ इतरांहून उंच उभी राहिली. कार्बनच्या परमाणूचें वजन १२. तेव्हां ही साठ परमाणूंची मोट ठरली. वीस षट्कोन आणि बारा पंचकोन जोडून होणाऱ्या पोकळ चेंडूसारखी तिची रचना होती. या फुलरीन नांवाच्या द्रव्याच्या शोधास १९९६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९९१ सालीं जपानांत सुमिओ इजिमा यांनीं कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांचें वर्णन केलें, आणि २००४ सालीं मँचेस्टर येथें आंद्रे गाइम व कोन्स्तांतिन नोवोसेलोव यांनीं चिकटपट्टीनें ग्राफाइटचे पापुद्रे काढीत काढीत एकाच परमाणूच्या जाडीचा थर, म्हणजे ग्राफीन, वेगळा केला.

हीं तिन्ही रूपें एकाच घरचीं आहेत. ग्राफाइटमध्यें कार्बनचे परमाणु मधमाशांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी जाळींत मांडलेले असतात आणि अशा जाळ्यांचे थरांवर थर असतात. एकच थर सुटा केला तर तें ग्राफीन. तो गुंडाळला तर नळी. त्यांत पंचकोन मिसळून मिटविला तर चेंडू. यांचीं मापें नॅनोमीटरमध्यें, म्हणजे मीटरच्या अब्जांशांत, सांगावीं लागतात. माणसाच्या केसाची जाडी ८०,००० नॅनोमीटरच्या आसपास असते, एवढें सांगितलें म्हणजे सूक्ष्मतेची कल्पना येईल.

लेसरच्या कामास कार्बनच्या या रूपांचे चार गुण उपयोगी पडतात. पहिला गुण त्यांचा काळेपणा. काळी वस्तु ती, जी कोणत्याही रंगाचा प्रकाश परतवीत नाहीं. म्हणून लेसर कोणत्या रंगाचा आहे याची तिला पंचाईत नसते. दुसरा गुण म्हणजे तीं उष्णता झपाट्यानें पसरवितात. पृष्ठावर बसलेल्या रेणूस क्षणमात्र मोठा धक्का बसतो व तो उसळतो. तिसरा गुण स्थैर्याचा. कार्बनच्या जाळींतील बंध अतिशय बळकट असल्यामुळें बेताच्या प्रकाशांत ती जाळी स्वतः तुटत नाहीं, आणि लहान रेणूंचा प्रदेश पटावर स्वच्छ राहतो. चौथा गुण पृष्ठाच्या विस्ताराचा. एका ग्रॅम ग्राफीनच्या दोन्ही बाजूंचें क्षेत्रफळ गणितानें सुमारें २,६०० चौरस मीटर भरतें. इतक्या विस्तीर्ण पृष्ठावर पाण्यांत विखुरलेले रेणु येऊन चिकटतात; मग ती काळी भुकटी गाळून घ्यावयाची आणि तीच पट्टीवर पसरावयाची. गाळणी आणि आधार ही दोन्ही कामें एकाच पदार्थानें होतात.

हे गुण प्रयोगांत उतरलेले आहेत. चीनमधील दालियेन येथील संशोधकांनीं २००३ सालीं कार्बनच्या नळ्या आधार म्हणून वापरल्या आणि लहान प्रथिनभाग व शर्करावर्गीय रेणु आधारद्रव्याच्या गोंगाटाशिवाय तोलले. या नळ्या हलक्या असल्यानें यंत्रांतील निर्वात जागेंत उधळत आणि यंत्राचा आंतला भाग मळवीत. म्हणून २००५ सालीं त्यांस पॉलियुरेथेनच्या चिकट द्रव्यानें पट्टीवर पक्कें बसविण्याची युक्ति निघाली. त्याच सुमारास नळ्यांवर आम्लाची क्रिया करून त्या पाण्यांत नीट मिसळतील अशा करण्यांत आल्या, त्यामुळें पट्टीवर त्यांचा थर सारखा बसूं लागला. २०१० सालीं ग्राफीनचा उपयोग जाहीर झाला. त्याच प्रयोगांत ग्राफीननें स्क्वालीन नांवाचें स्निग्ध द्रव्य द्रावणांतून गोळा करून मग तोललें गेलें. अमेरिकेच्या आयोवा राज्यांत सांगवोन चा आणि एडवर्ड युंग यांनीं २००७ सालीं ग्राफाइटचा बारीक फवारा उंदराच्या मेंदूच्या पातळ कापावर मारला. मग लेसर बिंदूबिंदूनें फिरवून, सेरेब्रोसाइड नांवाचीं मेंदूंतील स्निग्ध द्रव्यें कोठें जास्त व कोठें कमी आहेत याचें चित्रच काढलें. सेंद्रिय आधारद्रव्याचे स्फटिक कोठें दाट तर कोठें विरळ जमतात व त्यामुळें चित्र डागाळतें. बारीक कार्बनचा थर त्या मानानें एकसारखा बसतो.

काजळीचा आणखी एक उपयोग पोलिसी तपासाच्या अंगाचा आहे. बोटांचे ठसे उठविण्यासाठीं काळी भुकटी वापरण्याची चाल जुनी आहे. इंग्लंडांतील संडरलंड विद्यापीठांत फ्रेडरिक रॉवेल आणि त्यांचे सहकारी यांनीं काजळी भरलेले सिलिकाचे सूक्ष्म कण ठशांवर फिरविले आणि त्याच ठशांवर लेसर टाकून, घामावाटे बोटांवर आलेले औषधी व मादक द्रव्यांचे अंश ओळखले; त्यांचा निबंध २००९ सालचा आहे. ठसा कोणाचा हें रेषा सांगतात. त्यानें काय सेवन केलें हें काजळीच्या साह्यानें रेणु सांगतात. शेफील्ड हॅलम विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१३ सालीं अशाच कामीं हळदींतील पिवळें द्रव्य, कर्क्युमिन, आधार म्हणून वापरून दाखविलें. देवघरांतील काजळ आणि हळद यांनीं प्रयोगशाळेंतही शेजार साधावा, हा योगायोग मराठी घरांस मौजेचा वाटेल.

येथपर्यंतची हकीकत ऐकून, मग रुग्णालयांतून कार्बनचा हा उपयोग सरसकट कां होत नाहीं, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचीं कारणें स्पष्ट आहेत. पहिलें म्हणजे, मोठ्या प्रथिनांस कार्बनच्या पृष्ठाचा धक्का मानवत नाहीं. तापलेल्या पृष्ठावरून उठणारा लहान रेणु निभावून जातो. पण कांहीं हजार डाल्टनच्या पुढें कार्बनची शक्ति उणी पडूं लागते आणि तेथें सेंद्रिय आधारद्रव्यच श्रेष्ठ ठरतें. म्हणून जंतु ओळखणाऱ्या यंत्रांत आजही तेंच वापरतात. दुसरें, कार्बनचें मौन बेताच्या प्रकाशापुरतेंच आहे. लेसरचा जोर वाढला कीं जाळी तुटून तिचे तुकडे उडतात आणि पटावर बारा बारा डाल्टनच्या अंतरानें रेघांची रांग उभी राहते. मध्यस्थ पुन्हां बोलूं लागतो. तिसरें, एका घाण्यांतून निघालेल्या नळ्या दुसऱ्या घाण्यांतल्यासारख्या असतीलच असें नाहीं. त्यांची लांबी, शुद्धता, त्यांत राहिलेले धातूचे कण यांत फरक पडतो आणि त्याबरोबर उत्तरही बदलतें. रोग्याच्या आयुष्याचा निर्णय ज्या आंकड्यावर व्हावयाचा, तो आंकडा पुण्यास एक आणि नागपुरास दुसरा येऊन चालत नाहीं.

चौथी गोष्ट काम करणाऱ्यांच्या आरोग्याची. अतिसूक्ष्म, लांब व ताठ नळ्या श्वासावाटे फुप्फुसांत गेल्या तर ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखा अपाय करूं शकतात, अशी शंका प्राण्यांवरील प्रयोगांवरून आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१४ सालीं अनेक भिंतींच्या नळ्यांपैकीं एका विशिष्ट जातीस, मनुष्यांत कर्करोग उत्पन्न करण्याचा संभव असलेल्या पदार्थांच्या गटांत घातलें. इतर जातींविषयीं निश्चित मत देण्यास पुरावा अपुरा ठरला. पट्टीवर चिकटवून टाकलेली किंवा द्रवांत भिजलेली नळी हवेंत उडत नाहीं, म्हणून धोका मुख्यतः कोरडी भुकटी हाताळणाऱ्यास आहे. पण तो आहे, आणि प्रयोगशाळेच्या चालकानें तो विसरतां कामा नये.

या सर्व गोष्टींचा सामान्य गृहस्थाशीं संबंध कोठें येतो? रक्ताच्या एका थेंबावरून अमुक रोग ओळखणारें नवें तंत्र निघालें, अशा बातम्या वर्तमानपत्रांत वारंवार येतात, आणि त्यांतील कांहींच्या मुळाशीं याच प्रकारचे प्रयोग असतात. त्या वाचून ज्याच्या घरांत आजार आहे तो मनुष्य आशेनें उठतो, पैसा खर्च करण्यास तयार होतो. अशा वेळीं तीन प्रश्न विचारावेत. ही परीक्षा किती रोग्यांवर व किती निरोगी माणसांवर करून पाहिली? ज्यांनीं ती काढली त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणत्या प्रयोगशाळेंत तेंच उत्तर आलें? आणि आजच्या रूढ परीक्षेहून ती कोणत्या बाबतींत सरस ठरली? या प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत ती बातमी शास्त्राच्या प्रगतीची समजावी, औषधोपचाराची समजूं नये. डॉक्टरानें सांगितलेली साधी रक्तपरीक्षा तिच्यासाठीं लांबणीवर टाकणें हें तर कधींच शहाणपणाचें होणार नाहीं.

तथापि शंका घेणें म्हणजे अविश्वास करणें नव्हे. तानाकांच्या हातून ग्लिसरीन सांडलें त्या दिवसापासून रुग्णालयांत जंतु ओळखणाऱ्या यंत्रास मान्यता मिळेपर्यंत अठ्ठावीस वर्षें गेलीं. ग्राफाइटच्या भुकटीस तीस वर्षें झालीं, नळ्यांस वीसांहून थोडीं अधिक, ग्राफीनला त्याहूनही कमी. मोठ्या रेणूंचा प्रदेश एका पिढींत उजेडांत आला. लहान रेणूंच्या प्रदेशावरील पडदा काजळीनें एका कोपऱ्यांतून उचलला आहे. तो पुरता सरकविण्याचें काम चिकाटीनें, तीच मोजणी पुन्हां पुन्हां करीत, निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांत चालू आहे. ज्या पदार्थाला आपण घराच्या भिंतीवरून पुसून काढतों, त्याच्या अंगीं आघात सोसण्याचा आणि स्वतः गप्प राहण्याचा गुण आहे. आणि शास्त्राला त्या गुणाची गरज होती.